बाहेर बसणं : पुण्याच्या परसदारातला उन्हाळा



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ठरला होता 'जुन्या पुण्यातला उन्हाळा'. मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्या वयाचा कोणीही पुणेकर या विषयावर तासभर सहज बोलेल. माठातलं वाळ्याचं पाणी, अंगणात टाकलेल्या बाजा, रातराणीचा वास, माळ्यावरची आंब्याची अढी. एवढं सांगितलं की श्रोते खूश आणि वक्ताही खूश. पण टिपणं काढायला बसलो आणि एका शब्दापाशी अडलो. तो शब्द 'परस'. घराच्या मागची मोकळी जागा. आमच्या वाड्यात उन्हाळ्याची सगळी मजा तिथेच होती. पण लहानपणी आम्ही 'परसाकडे जाऊन येतो' असं म्हणायचो, तेव्हा त्याचा अर्थ काय होता, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगायला नको. (हशा)

हसण्याचा भाग सोडा, पण बघा. त्याच जागेच्या नावानं आपण शौचाला जाणं म्हणत होतो. बाई विटाळशी असली की 'बाहेर बसली' म्हणायचो, आणि ती बसायची कुठे? परसाकडच्या पडवीत. आता संध्याकाळी माझी नात विचारते, "आजोबा, बाहेर बसायचं का?" तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे गच्ची असते, वारा असतो, हातात सरबत असतं. तेच दोन शब्द, पण मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज त्याबद्दल बोलणार आहे. मी इतिहासाचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे शब्दांपाशी जास्त रेंगाळेन, ते सहन करा.

आधी हवेचं बोलू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, घाटाच्या पूर्वेला. एप्रिलमध्ये दुपारी पारा अडतीस-चाळीसला जातो आणि पहाटे वीस-बावीसपर्यंत उतरतो. हवा कोरडी. त्यात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला पश्चिमेकडून घाटावरून वारा येतो. मुंबईत उन्हाळ्यात दिवस आणि रात्र सारखीच चिकट. पुण्यात दुपार आणि रात्र हे जणू दोन वेगळे ऋतू असतात. त्यामुळे इथे घर बांधणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागत. दुपारी लपायला जाड भिंती, आणि रात्री बाहेर यायला मोकळी जागा. वाड्याची रचना बघा : दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागचा चौक आणि शेवटी परस. भाजलेल्या विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती दिवसभर ऊन अडवतात, पण ते पोटात साठवतात, आणि रात्री नऊ-दहानंतर आतल्या खोल्यांत सोडायला लागतात. म्हणून दुपारी जे माजघर देवाघरचं वाटायचं, ते रात्री भट्टी व्हायचं. रात्री बाहेर झोपणं ही हौस नव्हती. घर बाहेर हाकलायचं.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही उन्हाळ्यातली. तिची कारणं मोठी होती, लोकशिक्षणाची होती. पण माझा आपला एक अंदाज आहे, की दिवसभर आत कोंडलेला पुणेकर संध्याकाळी बाहेर पडणारच, हे रानड्यांनाही माहीत असणार. आज तुम्ही इथे आलात त्यातही वाऱ्याचा वाटा किती आणि माझा किती, हे मी विचारणार नाही.

आता पाणी. उन्हाळ्यात बाहेर बसायचं तर सडा हवा, झाडं हवीत, म्हणजे पाणी हवं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून पाणी शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. नुसत्या जमिनीच्या उतारावर ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचायचं. वाटेत हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास बांधलेले. काय सुंदर शब्द आहे! नळसुद्धा श्वास सोडतो. त्या पाण्यावर शनिवारवाड्यात सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं उडायचं, सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी. आणि शहरात हौद भरायचे. सदाशिव पेठ हौद, फडके हौद, बदामी हौद, काळा हौद. आज त्यातले बरेचसे चौकांची आणि बसथांब्यांची नावं म्हणून उरलेत. पुण्याच्या पेठांमधून चालताना बागांची नावं किती लागतात तेही मोजा : तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, विश्रामबाग, रमणबाग, मोतीबाग. झाडं गेली, नावं राहिली. पेशवाईतल्या मातब्बरांना उन्हाळ्यात बाहेर बसायला बागा होत्या, कारंजी होती, दारांना वाळ्याचे पडदे होते. बाकीच्यांना काय होतं? परस.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. 'आमचा' म्हणायची सवय आहे, पण आम्ही भाडेकरू. आठ बिऱ्हाडं. माझा जन्म १९५० चा, तेव्हा मी सांगतोय ते साठ सालच्या आसपासचं. मागच्या परसात एक आड होता, त्यावर रहाट. त्याच्या शेजारी धुण्याचा दगड. मोरीचं सांडपाणी एका चरातून जायचं आणि त्यावर अळू. हा पुण्याच्या परसातला खरा राजा. त्याला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि लग्नाच्या पंगतीपासून श्राद्धापर्यंत त्याचं फतफतं पानात. एक पेरू, एक लिंबू, कढीपत्ता, कर्दळ, प्राजक्त, भिंतीला जाई, आणि मोगऱ्याची पाच-सहा रोपं. मला अजून कुठलं झाड कुठे होतं ते डोळे मिटून सांगता येतं.

उन्हाळ्याचं परस सकाळी वेगळं आणि रात्री वेगळं. सकाळी तिथे वाळवणं. कुरडया, सांडगे, पापड, शेवया, वर्षभराचं तिखट. आज आपण त्या वाळवणांची आठवण फार प्रेमानं काढतो. पण पहाटे चारला उठून गव्हाचा चीक शिजवणं, तो जड घाटा हाटणं, उन्हाच्या आत कुरडया घालून मोकळं होणं आणि मग दिवसभर कावळे हाकलणं हे काम कोणी केलंय त्यांना विचारा. आम्ही पोरं कावळे हाकलायच्या निमित्तानं अर्धी ओली पापडी खायचो. आमच्यासाठी ती मजा होती. आईसाठी ती उन्हाळी नोकरी होती, बिनपगारी.

आणि रात्री? संध्याकाळी सडा पडला की तापलेल्या मातीचा वास उठायचा. बाजा, सतरंज्या, वळकट्या बाहेर यायच्या. पुरुष पुढच्या चौकात आणि ओट्यावर, बायका-मुलं मागे परसात. गप्पा, गाण्याच्या भेंड्या, भुताच्या गोष्टी. पहाटे गार वारा सुटायचा तेव्हा आजी अंगावर गोधडी टाकायची. हे सुख खरं होतं. त्याला मी खोटं म्हणणार नाही. एखाद्या रात्री वळीव यायचा आणि आठ बिऱ्हाडं एकदम गाद्या कवटाळून आत पळायची. कोणाची उशी कोणाकडे जायची ते सकाळी ठरायचं.

पण त्या परसात कायमची राहणारी एक व्यक्ती होती. माझ्या आजोबांची बहीण, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. नवव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण, डोक्यावरून पदर. परसाला लागून एक पडवीवजा खोली होती, ती तिची. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिथेच. मोगरा तिचा. पाणी ती घालायची, कळ्या संध्याकाळी ती खुडायची, गजरे ती करायची. ते देवाला जायचे आणि घरातल्या सवाष्णींच्या डोक्यात. ती स्वतः फूल माळत नसे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते दिसतच होतं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

चैत्रात हळदीकुंकू असायचं. चैत्रगौर झोपाळ्यावर बसायची, पुढे आरास, कलिंगडाची कातरलेली कमळं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. उन्हाळ्यातला बायकांचा हा सगळ्यात मोठा मेळा. पेठेतल्या बायका संध्याकाळी उन्हं उतरली की नटून एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जायच्या. त्यांच्यासाठी 'बाहेर' पडायची ही संधी असायची. आणि डाळ कोण वाटायचं? आत्याआजी. मागे, परसात, पाट्यावर. कैरी किती आंबट आहे त्यावर डाळीला किती लागेल हा अंदाज वाड्यात तिच्याइतका कोणाला नव्हता. पुढच्या चौकात कुंकू चाललेलं असायचं आणि ती मागे अळवाजवळ बसलेली. मी एकदा पन्ह्याचा पेला घेऊन मागे गेलो आणि म्हटलं, "आत्याआजी, पुढे चल ना, सगळ्या आल्यात." तिनं पेला घेतला आणि म्हणाली, "मला इथेच बरं वाटतं रे. इथे वारा आहे."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात फिरवलं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फिरवलं, भाचवंड-नातवंड म्हणूनही. ती खोटं बोलत नव्हती. तिथे खरंच वारा होता. पण बाहेर बसणं आणि बाहेर बसवलं जाणं यांत फरक आहे. आणि तो फरक बाहेरून दिसत नाही. दोन्ही बायका एकाच झाडाखाली, एकाच वाऱ्यात बसलेल्या असू शकतात. एकीला आत यायची मुभा आहे, दुसरीला नाही. माणसाला जागेचा आनंद घेता येतो तो ती जागा सोडता येते म्हणून. हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की सर भरकटले.

परसाच्या अगदी टोकाला टोपलीचे चार संडास होते. त्यांच्या मागे एक अरुंद बोळ, त्याला वेगळं दार. ते दार आतून बंद होत नसे, कारण ते आमच्यासाठी नव्हतं. रोज एक बाई त्या बोळातून यायची, टोपल्या रिकाम्या करायची, जायची. ती आल्याचं कळलं की परसातल्या बायका बाजूला व्हायच्या, वाळवणावर फडकं पडायचं. तिच्या जातीचं नाव हेच तिचं नाव. महिन्याच्या पैशांखेरीज सणाला शिळं-ताजं काही मिळायचं, तेही वरून टाकलेलं. एप्रिल-मे महिन्यात, दुपारी, पत्र्याखालच्या त्या टोपल्या, हे काम काय असेल? मघाशी मी म्हटलं की परसातलं झाड न् झाड मला आठवतं. त्या बाईचं नाव मला आठवत नाही असं नाही. ते मला कधी माहीतच नव्हतं. आणि रात्री ज्या गार, स्वच्छ परसात आम्ही भेंड्या खेळायचो, ते स्वच्छ होतं तिच्यामुळे.

हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नव्हता असं समजू नका. अप्पासाहेब पटवर्धन, आपले कोकणगांधी, १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी स्वतःला सफाईचं काम द्या अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून सरकारनं नाकारलं. त्यावर त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या बाजूनं उपोषण आरंभलं. आमचा वाडा येरवड्यापासून किती लांब? टांग्यानं तासाभराचा रस्ता. पण आमच्या बोळातलं दार पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. अशा संडासांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला १९९३ साली.

पुण्यात आणखी एक परस आहे, गंज पेठेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर. आज तो फुलेवाडा म्हणून जतन केलाय. आवारात झाडं आहेत, विहीर आहे, जोतीरावांची समाधी आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं आणि मुलं ती ओळ पाठ करतात. पण उन्हाळ्याच्या अंगानं विचार करा. कात्रजचं पाणी हौदांत खळखळतंय, आणि भर वैशाखात काही माणसांना त्याला हात लावायची बंदी आहे. सार्वजनिक हौद सार्वजनिक नव्हता. आणि जो हौद खरोखर सार्वजनिक झाला तो एका माणसाच्या खाजगी घरातला होता. त्यासाठी ना पालिकेचा ठराव झाला, ना सरकारी हुकूम आला. घरातली जागा घरच्यांनी उघडली. वाड्यांच्या गोड आठवणींच्या कार्यक्रमांत या आवाराचं नाव सहसा येत नाही. त्याला आपण 'स्मारक' म्हणतो, परस म्हणत नाही.

इथे मला अथेन्सला जायची परवानगी द्या. लवकर परत येतो. इसवी सनापूर्वी ३०६ च्या सुमाराला एपिक्युरसनं अथेन्समध्ये एक घर आणि शहराच्या वेशीबाहेर एक बाग घेतली. त्याच्या शाळेचं नावच 'बाग' पडलं. स्टोइक मंडळी रंगवलेल्या ओसरीत शिकवायची, ॲरिस्टॉटलची मंडळी फिरता फिरता. ग्रीक तत्त्वज्ञान बरंचसं उघड्यावरच झालं, हवा चांगली असल्याचा परिणाम. एपिक्युरसला आपल्याकडे 'खा, प्या, मजा करा'वाला म्हणून निकालात काढतात. तो साधा भाकरी-पाण्यावर राहणारा माणूस होता. त्याच्या बागेत बायका होत्या, गुलाम होते. लिओंटियन नावाची गणिका तिथे तत्त्वज्ञान लिहीत होती आणि मिस नावाचा गुलाम चर्चेला बसायचा. त्या काळच्या अथेन्सला हे रुचलं नाही, आणि एपिक्युरसबद्दलच्या कुटाळक्यांमध्ये बागेतल्या बायका पुष्कळदा येतात. सुख म्हणजे काय, हा प्रश्न विचारायला त्यानं बागेचं दार उघडं ठेवलं. आम्ही एम. ए.ला एपिक्युरस वाचत होतो तेव्हा त्याची सुखाची व्याख्या पाठ केली. बागेत कोणाला प्रवेश होता हे एका वाक्यात संपवलं.

परत पुण्याला. परसाची जागा 'मागची घाण जागा' यावरून 'बाहेरची छान जागा' यावर कधी आली? माझ्या मते याला मोठा धक्का दिला प्लेगनं. १८९६ च्या शेवटी मुंबईहून प्लेग इथे आला. १८९७ साली रँडच्या समितीनं घरं तपासायला सोल्जर पाठवले. ते माजघरात, देवघरात शिरले, सामान अंगणात काढलं. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. मुलानं, डॉ. यशवंतरावांनी, शहराबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना उघडला होता. तिथे रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. राजकीय इतिहास आपण शिकतो. पण त्याच्या खालून घरांचा इतिहास चालला होता. डॉक्टर सांगू लागले की ऊन आत येऊ द्या, वारा येऊ द्या, अंधाऱ्या खोल्यांत राहू नका. पुढची पंधरा-वीस वर्षं प्लेग येत-जात राहिला आणि साथ आली की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे. आजी सांगायची, झोपडीतल्या दिवसांत मरणाची भीती होती आणि मोकळेपणही होता. सासूचा आणि सोवळ्याचा धाक तिथे निम्मा. पहिल्यांदा बायका-पुरुष, लहान-थोर सगळे एकत्र 'बाहेर' राहिले ते असे, जीव वाचवायला.

मग पेठांतली काही मंडळी नदीपलीकडे जायला लागली. फर्ग्युसन कॉलेज १८९५ साली आजच्या जागेवर आलेलं होतं, डेक्कन जिमखाना १९०६ चा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तिथे वसाहत उभी राहिली. प्रत्येकाला प्लॉट, मधोमध बंगला, चारी बाजूंना मोकळी जागा. बहुतेक मालक पांढरपेशे, प्राध्यापक, वकील, डॉक्टर, पेन्शनर. इथे परस आणि अंगण यांची 'बाग' झाली. लॉन आलं, वेताच्या खुर्च्या आल्या, संध्याकाळचा चहा बाहेर आला. नवरा-बायको शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले. हे आज किरकोळ वाटतं, पण पेठेतल्या चौकात ते कोणी केलं नव्हतं. बाहेर बसण्यातली मजा म्हणतात ती पुण्यात सगळ्या कुटुंबानं मिळून घ्यायला सुरुवात केली ती इथे, आणि तिचं वय शंभरीच्या आसपास आहे. परंपरा-परंपरा म्हणतो ती एवढीच जुनी.

आणि तरी बोळ गेला नव्हता बरं का. भांडारकर रस्ता, प्रभात रस्ता या भागात जे दोन-चार जुने बंगले शिल्लक आहेत, त्यांच्या मागे जाऊन बघा. एक गोल लोखंडी जिना दिसेल, थेट वरच्या संडासापर्यंत जाणारा. हल्ली लोक त्याचे फोटो काढतात, काय सुंदर कारागिरी म्हणतात. आहेच सुंदर. तो जिना सफाईवाल्यासाठी होता, घरातून पाय न टाकता वर जाता यावं म्हणून. आमचा बोळ उभा केला की तो जिना होतो.

आमच्या परसाचा शेवट मात्र एका दिवसात झाला. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासला गेलं, आणि दुपारपर्यंत पेठांत पाणी. मी अकरा वर्षांचा. आम्ही गच्चीवाल्या शेजाऱ्यांकडे चढलो. पाण्यात पांढऱ्या मातीची भिंत कशी जाते ते मी पाहिलंय. ती पडत नाही, विरघळते, आणि मग वरचं लाकूड एकदम खाली येतं. आत्याआजीला दोघांनी खांद्यावर घेऊन वर आणलं. त्या रात्री त्या गच्चीवर वाड्यातले, शेजारचे, अनोळखी असे पन्नासएक जण होतो. ती सगळ्यांच्या मधोमध बसली होती. पाणी उतरल्यावर परसाच्या जागी गाळ होता, आड बुजलेला, संडासांची आणि पडवीची खूणही नाही.

पर्वतीच्या बाजूला, गोखलेनगरला, पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. फ्लशचा संडास, आणि मागे दहा फुटांची पट्टी, तीही सगळ्यांची. त्या पट्टीत आत्याआजीनं मोगरा लावला. दारापुढे खुर्ची टाकून बसायला लागली, कारण मागे बसायला मागे काही नव्हतंच. ती गेली १९६८ साली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही सगळे जगलाय. जे वाडे पुरातून वाचले ते भाड्यांमुळे थकले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. दहा-वीस रुपयांत मालक कौलं काय शाकारणार? १९६३ चा फ्लॅटमालकीचा कायदा, १९७० चा अपार्टमेंटचा कायदा, आणि वाड्यांच्या जागी इमारती. परसाचं नाव झालं 'साइड मार्जिन'. पालिकेच्या नियमातली ती सक्तीची मोकळी जागा. तिथे आता मोटारी, टाक्या आणि जनरेटर. बंगलेही गेले. माझाही फ्लॅट एका बंगल्याच्या जागी आहे, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. अळू मंडईतून आणतो.

उरली गच्ची. आमच्या सोसायटीच्या गच्चीला गेली काही वर्षं कुलूप आहे. पाण्याच्या टाक्या, सोलर, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, कारणं सगळी बरोबर आहेत. यंदा एप्रिलमध्ये उकाडा असह्य झाला तेव्हा मी अर्ज केला, की संध्याकाळी सात ते दहा गच्ची उघडी ठेवावी. सभा झाली. खुर्च्या कुठल्या, पाहुणे किती, सरबत चालेल का, यावर तासभर चर्चा. पुणं आहे! शेवटी मी आणखी एक गोष्ट मांडली. आमच्या इमारतीची सफाई करणाऱ्या दोन बायका दुपारी डबा खातात तो पार्किंगमध्ये, मीटरच्या पेटीखालच्या पायरीवर. त्यांची नावं मला माहीत आहेत, पण त्यांना विचारलेलं नाही म्हणून इथे घेत नाही. गच्चीच्या जिन्यालगत एक शेड आहे, पंखा लावण्यासारखी. ती त्यांना दुपारी वापरू द्यावी, असं म्हटलं. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकांनी विचारलं, त्या लिफ्टनं वर येणार का?

गच्चीचा ठराव पास झाला, सात ते साडेनऊ. शेडचा विषय पुढच्या सभेवर ठेवलाय. सभा पुढच्या महिन्यात आहे.

तेवढ्यात पाऊस आला नाही तर. प्रश्न असतील तर घेऊ या.